मर्ल ओबेरॉन

मर्ल ओबेरॉन (मूळ नाव : एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, जन्म : मुंबई, १९ फेब्रुवारी १९११, मृत्यू : मॅलिबू, कॅलिफोर्निया, २३ नोव्हेंबर १९७९) या मुंबईत जन्मलेल्या ब्रिटिश चित्रपट-अभिनेत्री होत्या. इ.स. १९३० आणि १९४० या दशकांत ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या चित्रपटसृष्टीत त्या आघाडीच्या नायिका म्हणून ओळखल्या जात. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३), 'द स्कार्लेट पिंपर्नेल' (१९३४), 'द डार्क एंजल' (१९३५) आणि 'वदरिंग हाइट्स' (१९३९) हे त्यांचे विशेष गाजलेले चित्रपट होत. 'द डार्क एंजल'मधील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्कर पुरस्काराचे नामांकन मिळाले होते.

ओबेरॉन या मिश्र वंशाच्या, त्या काळच्या भाषेत अँग्लो-इंडियन होत्या. गौरेतर वंशाच्या स्त्रीला गोऱ्या नायकाची प्रेयसी म्हणून पडद्यावर स्थान नव्हते, अशा काळात त्यांनी आपले जन्मस्थान आणि कुळ आयुष्यभर लपवून ठेवले. आपला जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर झाला, असे त्या सांगत. खरी हकीकत त्यांच्या मृत्यूनंतर उजेडात आली. त्यामुळे ब्रिटिश चित्रपटातील वर्णभेद आणि आंतरवंशीय प्रेमाचे चित्रण यांच्या अभ्यासात त्यांच्या चरित्राला महत्त्वाचे स्थान आहे.

जन्म आणि कुटुंब

ओबेरॉन यांचा जन्म मुंबईत झाला. वडील आर्थर ओब्रायन थॉम्पसन हे इंग्लंडमधील डार्लिंग्टनचे रहिवासी असून भारतीय रेल्वेत यांत्रिकी अभियंता म्हणून नोकरीस होते. ज्यांना ओबेरॉन आई मानत, त्या शार्लट सेल्बी या मूळच्या श्रीलंकेच्या (तेव्हाचे सिलोन) होत्या. त्या युरेशियन, म्हणजे युरोपीय व आशियाई अशा मिश्र वंशाच्या होत्या व वर्णाने सावळ्या होत्या. चरित्रकारांच्या संशोधनानुसार ओबेरॉन यांची जन्मदात्री शार्लट नसून शार्लट यांची अल्पवयीन मुलगी कॉन्स्टन्स होती. कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी शार्लट यांनी नातीला स्वतःची मुलगी म्हणून वाढवले आणि कॉन्स्टन्स ही तिची थोरली बहीण ठरली. अशा रीतीने या जीवनकथेतील पहिली लपवाछपवी मर्ल यांच्या जन्माबरोबरच आणि त्यांच्या नकळत सुरू झाली होती.

१९११ हे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या भारतभेटीचे वर्ष होते. राणीच्या त्या भेटीवरून लहानग्या मर्लला घरात क्वीनी हे लाडके नाव मिळाले. पुढे वडील पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल झाले व युद्धकाळातच मरण पावले. त्यानंतर कुटुंबाला हलाखीचे दिवस आले.

त्या काळी अँग्लो-इंडियन समाज प्रामुख्याने रेल्वे, टपाल, तारखाते आणि सीमाशुल्क या खात्यांतील नोकऱ्यांवर अवलंबून होता. इंग्रज त्यांना आपले मानत नसत आणि भारतीय समाजातही त्यांना पुरते स्थान नव्हते. या समाजात माणसाची पत बऱ्याच अंशी त्वचेच्या रंगावर ठरत असे. एकाच घरातील उजळ आणि सावळ्या भावंडांच्या वाट्याला वेगवेगळे भवितव्य येऊ शके. ओबेरॉन यांचा वर्ण उजळ होता, आणि ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याला निर्णायक वळण देणारी ठरली.

कोलकात्यातील दिवस

१९१७ मध्ये शार्लट मुलीसह कोलकात्यास राहावयास गेल्या. तेथील ला मार्टिनिएर या प्रतिष्ठित शाळेत मर्ल यांना प्रवेश मिळाला. परंतु मिश्र वंशावरून होणारी हेटाळणी सहन न होऊन त्यांनी शाळा सोडली आणि पुढील शिक्षण घरीच घेतले. कोलकात्यातील हौशी नाट्यमंडळात त्यांनी प्रथम अभिनय केला. चरितार्थासाठी काही काळ त्यांनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरीही केली.

याच सुमारास भारतीय मूकपटांच्या सृष्टीत जे घडत होते ते येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये, म्हणजे ओबेरॉन दोन वर्षांच्या असताना, त्यांच्या जन्मगावीच प्रदर्शित झाला होता. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया चित्रपटात काम करण्यास तयार नसल्यामुळे तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाला करावी लागली. पुढे ही उणीव ज्यू आणि अँग्लो-इंडियन तरुणींनी भरून काढली. पुण्यात जन्मलेल्या बगदादी ज्यू रूबी मायर्स यादेखील आधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्या सुलोचना या नावाने मूकपटांच्या सम्राज्ञी बनल्या. रेने स्मिथ ही अँग्लो-इंडियन तरुणी सीतादेवी या नावाने 'लाइट ऑफ एशिया' (१९२५) या चित्रपटाची नायिका झाली. मुंबईच्या पडद्यासाठी या तरुणींनी भारतीय नावे घेतली, तर ओबेरॉन यांनी लंडनच्या पडद्यासाठी आपल्यातील भारतीयत्व पुसून टाकले. दोन्हीकडे नाव बदलावे लागले. मात्र रूबी मायर्स यांचे मूळ सर्वांना ठाऊक असूनही त्यांच्या लोकप्रियतेला धक्का लागला नाही. ओबेरॉन यांना ती मोकळीक नव्हती.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात त्यांचा परिचय एका माजी अभिनेत्याशी झाला. शार्लट यांना पाहिल्यावर आणि मर्ल यांचे कुळ लक्षात आल्यावर त्याने हे संबंध तोडले. तथापि दक्षिण फ्रान्समधील नीस येथे काम करणारे दिग्दर्शक रेक्स इंग्रॅम यांच्याकडे जाण्याची वाट त्यानेच दाखवली. शार्लट व मर्ल युरोपला निघाल्या. इंग्रॅम यांच्या चित्रपटात मर्ल यांना किरकोळ काम मिळाले आणि तेथून त्या लंडनला पोहोचल्या.

लंडन आणि अलेक्झांडर कोर्डा

लंडनमध्ये त्यांनी प्रारंभी कॅफे द पॅरी या उपाहारगृहात नोकरी केली व चित्रपटांतून नावाविना छोट्या भूमिका केल्या. हंगेरीहून आलेले निर्माते-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा यांनी १९३२ मध्ये लंडन फिल्म्स ही संस्था स्थापन केली. नव्या चेहऱ्यांच्या शोधात असलेल्या कोर्डा यांनी त्यांना करारबद्ध केले आणि मर्ल ओबेरॉन हे पडद्यावरील नाव रूढ झाले.

'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' या चित्रपटात त्यांनी शिरच्छेदाची शिक्षा झालेल्या ॲन बोलिन या राणीची भूमिका केली. भूमिका लहान असली तरी तिची मोठी छाप पडली. या चित्रपटाला अमेरिकेतही मोठे यश लाभले आणि चार्ल्स लॉटन यांना त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. पुढच्याच वर्षी 'द स्कार्लेट पिंपर्नेल'मध्ये लेस्ली हॉवर्ड यांच्यासमवेत त्या नायिका म्हणून झळकल्या. मुंबईत जन्मलेली एक अँग्लो-इंडियन तरुणी इंग्लंडच्या राणीची आणि इंग्रज सरदाराच्या पत्नीची भूमिका करीत होती, याची प्रेक्षकांना कल्पनाही नव्हती.

तत्कालीन ब्रिटिश चित्रपट आणि वर्णभेद

ओबेरॉन यांनी आपले कुळ का लपवले हे समजण्यासाठी त्या काळच्या ब्रिटिश चित्रपटातील रिवाज पाहणे आवश्यक आहे. गोरा पुरुष आणि गौरेतर स्त्री, किंवा याउलट गौरेतर पुरुष आणि गोरी स्त्री, यांचे प्रेम पडद्यावर दाखवणे अनुचित मानले जाई. 'पिकॅडिली' (१९२९) या ब्रिटिश मूकपटात चिनी-अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग यांची मध्यवर्ती भूमिका होती. तिच्यातील नर्तकी गोऱ्या मालकाला मोहवते. परंतु दोघांचे चुंबन पडद्यावर दाखवले गेले नाही, आणि कथेच्या शेवटी नर्तकीचा खून होतो. गौरेतर प्रेयसीचा मृत्यू हा अशा कथांचा ठरलेला शेवट असे.

कृष्णवर्णीय व्यक्तींचे चित्रण बहुधा साम्राज्याच्या गौरवाला पूरक असे. कोर्डा यांच्याच संस्थेच्या 'सँडर्स ऑफ द रिव्हर' (१९३५) या चित्रपटात थोर कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रोबसन यांनी इंग्रज अधिकाऱ्याशी एकनिष्ठ राहणाऱ्या आफ्रिकी प्रमुखाची भूमिका केली. पूर्ण झालेल्या चित्रपटातील साम्राज्यस्तुती पाहून रोबसन यांनी पुढे त्याचा जाहीर निषेध केला. इतर ब्रिटिश चित्रपटांत त्यांना नायकाच्या भूमिका मिळाल्या, तरी त्यांच्या जोडीची नायिकाही कृष्णवर्णीयच असे. उदाहरणार्थ, 'साँग ऑफ फ्रीडम' (१९३६) मध्ये एलिझाबेथ वेल्श. म्हैसूरहून निवडलेला बालनट साबू याला कोर्डा यांनी 'एलिफंट बॉय' (१९३७) आणि 'द ड्रम' (१९३८) या चित्रपटांतून प्रसिद्धीस आणले. 'द ड्रम' हा चित्रपट साम्राज्याचा प्रचार करतो, या कारणास्तव १९३८ मध्ये मुंबईत त्याच्याविरुद्ध तीव्र निदर्शने झाली. ओबेरॉन यांच्या जन्मगावी ज्या संस्थेच्या चित्रपटाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्याच संस्थेच्या त्या तेव्हा प्रमुख नायिका होत्या.

या संदर्भात 'द बॅटल' (१९३४) हा चित्रपट विशेष उल्लेखनीय आहे. त्यात एक जपानी नौदल अधिकारी इंग्रज अधिकाऱ्याकडील युद्धविषयक गुपिते मिळवण्यासाठी आपल्या पत्नीला त्याच्याशी सलगी करावयास सांगतो आणि पत्नी त्या इंग्रजाच्या प्रेमात पडते. कथेच्या दृष्टीने हे उघड आंतरवंशीय प्रेम होते. मात्र जपानी पतीची भूमिका फ्रेंच अभिनेते शार्ल ब्वाये यांनी आणि पत्नीची ओबेरॉन यांनी केली होती. नटनटी गोरे आहेत या समजुतीमुळे असे प्रेम प्रेक्षकांना खपत असे. प्रत्यक्षात त्यांतील नायिका आशियाई वंशाचा वारसा असलेली होती. तिच्या कुळाची वाच्यता झाली असती, तर तीच भूमिका आक्षेपार्ह ठरली असती.

टास्मानियाची कथा

प्रसिद्धीबरोबर वृत्तपत्रांची चौकशीही वाढली. तेव्हा ओबेरॉन यांचा जन्म टास्मानियातील होबार्ट येथे झाला, वडील लष्करी अधिकारी होते व शिकारीच्या वेळी अपघातात वारले, अशी कथा प्रसृत करण्यात आली. भारतातील बालपणाचा उल्लेख पूर्णतः टाळता येणे कठीण होते. म्हणून वडिलांच्या मृत्यूनंतर आपण भारतातील नातलगांकडे वाढलो, अशी जोड तिला देण्यात आली. टास्मानिया हा साम्राज्याचाच भाग असून तेथील वसाहत प्रामुख्याने गोऱ्यांची होती. शिवाय ते बेट इतके दूर होते की जन्मनोंद तपासण्यास कोणी सहसा जाणार नव्हते. ही कथा टास्मानियातही अभिमानाने स्वीकारली गेली आणि तेथील अनेकांच्या दृष्टीने त्या आपल्या भूमिकन्या ठरल्या.

घरात मात्र एक अडचण कायम होती. शार्लट त्यांच्याजवळच राहत आणि त्यांचा वर्ण लपवता येण्याजोगा नव्हता. त्यामुळे बाहेरच्यांसमोर शार्लट यांची ओळख आया किंवा मोलकरीण अशी करून दिली जाई. जिने नातीला मुलगी म्हणून वाढवले, तिला त्या मुलीच्या घरी नोकर म्हणून वावरावे लागले. शार्लट यांचे १९३७ मध्ये निधन झाले. १९४९ मध्ये ओबेरॉन यांनी जुन्या छायाचित्रावरून शार्लट यांचे तैलचित्र करवून घेतले. त्यात चेहऱ्याचा रंग मुद्दाम उजळ रंगवण्यात आला होता. त्यानंतर त्या जेथे जेथे राहिल्या, तेथे हे चित्र त्यांच्या घरात लावलेले असे.

हॉलिवूडमधील कारकीर्द

१९३५ च्या सुमारास ओबेरॉन अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांना प्रारंभी परदेशी मोहकता असलेल्या भूमिका मिळाल्या. निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांनी ही प्रतिमा बदलून 'द डार्क एंजल'मध्ये त्यांना साधी इंग्रज तरुणी म्हणून सादर केले. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र बेटी डेव्हिस यांना मिळाला. आशियाई वंशाच्या अभिनेत्रीला या गटात मिळालेले हे पहिलेच नामांकन होते, पण त्या वेळी ही गोष्ट कोणासही ठाऊक नव्हती.

अमेरिकेत गुपित फुटण्याचा धोका अधिक होता. १९३४ च्या मध्यापासून तेथील चित्रपटांना निर्मिती-संहिता काटेकोरपणे लागू झाली होती. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधील प्रेमसंबंध दाखवण्यास तिच्यात स्पष्ट मनाई होती आणि व्यवहारात आशियाई कलावंतांनाही तिची झळ बसे. ही मनाई १९५६ मध्ये उठली. दुसरीकडे, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते. ही स्थिती १९४६ च्या कायद्याने बदलली. अशा परिस्थितीत खरे कुळ सांगणे म्हणजे कारकीर्द पणाला लावणे होते.

१९३७ मध्ये लंडनमध्ये 'आय, क्लॉडियस' या चित्रपटाचे चित्रण चालू असताना त्यांना मोटार अपघात झाला आणि तो चित्रपट अपूर्ण राहिला. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची बाधा आणि सल्फा औषधांची ॲलर्जी यांमुळे त्यांच्या चेहऱ्याच्या त्वचेची हानी झाली व त्यासाठी वेदनादायक उपचार करून घ्यावे लागले. पुढे छायाचित्रणकार ल्यूशियन बॅलार्ड यांनी चेहऱ्यावरील व्रण झाकण्यासाठी कॅमेऱ्याजवळ बसवण्याचा एक खास दिवा तयार केला. सरळ समोरून पडणाऱ्या त्याच्या प्रकाशात व्रण दिसेनासे होत. ओबेरॉन यांच्या नावावरून तो ओबी या नावाने ओळखला जातो.

वदरिंग हाइट्स

विल्यम वायलर यांनी दिग्दर्शित केलेला 'वदरिंग हाइट्स' हा ओबेरॉन यांचा सर्वांत स्मरणीय चित्रपट मानला जातो. एमिली ब्राँटी यांच्या १८४७ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्यात ओबेरॉन यांनी कॅथरीनची आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी हीथक्लिफची भूमिका केली. मूळ कादंबरीत हीथक्लिफ हा अज्ञात कुळातील, सावळ्या वर्णाचा मुलगा आहे; त्याच्या वंशाविषयी इतर पात्रे तर्कवितर्क करीत असतात. कॅथरीन ही गोऱ्या, सुस्थित घरातील असून कुळ व प्रतिष्ठा यांसाठी ती हीथक्लिफऐवजी दुसऱ्याशी विवाह करते. चित्रपटात सावळ्या नायकाची भूमिका गोऱ्या नटाकडे आली आणि गोऱ्या नायिकेची भूमिका प्रत्यक्षात मिश्र वंशाच्या अभिनेत्रीने केली. प्रतिष्ठेपायी जवळच्या माणसाला दूर लोटणारी कॅथरीन रंगवत असताना ओबेरॉन यांच्या स्वतःच्या आयुष्यातही तोच पेच होता, याकडे समीक्षकांचे लक्ष पुढे अनेक दशकांनी गेले.

उत्तरायुष्य

१९३९ मध्ये ओबेरॉन यांचा कोर्डा यांच्याशी विवाह झाला. १९४२ मध्ये कोर्डा यांना सर हा किताब मिळाल्यावर त्या लेडी कोर्डा झाल्या. १९४५ मध्ये हा विवाह संपुष्टात आला. त्यानंतर त्यांनी बॅलार्ड (१९४५–४९), उद्योगपती ब्रूनो पाल्याई (१९५७–७३) आणि अभिनेते रॉबर्ट वोल्डर्स (१९७५) यांच्याशी विवाह केले. पाल्याई यांच्यासमवेत त्यांनी दोन मुले दत्तक घेतली. 'इंटरव्हल' (१९७३) हा त्यांचा अखेरचा चित्रपट होय.

१९७८ मध्ये त्या होबार्टला गेल्या. तेथे त्यांचे नगरपित्यांकडून स्वागत करण्यात आले. ज्या गावी आपला जन्म झालाच नाही, त्या गावाने भूमिकन्या म्हणून केलेला सत्कार त्यांना स्वीकारावा लागला. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. मुंबई हे आपले जन्मगाव असल्याचे त्यांनी अखेरपर्यंत जाहीरपणे मान्य केले नाही.

मृत्यूनंतर

१९८३ मध्ये चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांनी लिहिलेल्या चरित्रातून त्यांच्या मुंबईतील जन्माची व कुळाची हकीकत प्रथमच सविस्तर प्रसिद्ध झाली. कोर्डा यांचे पुतणे मायकेल कोर्डा यांनी त्यांच्या जीवनावर बेतलेली 'क्वीनी' ही कादंबरी १९८५ मध्ये लिहिली. तिच्यावरून दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात 'द ट्रबल विथ मर्ल' हा अनुबोधपट तयार झाला. टास्मानियातील अनेकांना आपली मर्ल मुंबईची होती हे मान्य करणे किती जड गेले, याचे दर्शन त्यात घडते. २०२५ मध्ये मयूख सेन यांचे नवे चरित्र प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये मिशेल योह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा या गटात नामांकन मिळालेली आशियाई वंशाची पहिली अभिनेत्री म्हणून ओबेरॉन यांचे नाव पुन्हा चर्चेत आले.

मूल्यमापन

ओबेरॉन यांच्या हयातीतच ब्रिटिश चित्रपट हळूहळू बदलत होता. 'पूल ऑफ लंडन' (१९५१) मध्ये जमैकाचा कृष्णवर्णीय खलाशी आणि गोरी तरुणी यांचा स्नेह संयतपणे दाखवण्यात आला. लंडनमधील नॉटिंग हिल भागात १९५८ मध्ये वांशिक दंगली झाल्या. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या 'सफायर' (१९५९) या चित्रपटात गोरी म्हणून वावरणाऱ्या मिश्र वंशाच्या तरुणीचा खून हाच विषय होता. 'फ्लेम इन द स्ट्रीट्स' (१९६१) मध्ये कृष्णवर्णीय तरुणाशी विवाह करू पाहणारी गोरी मुलगी आणि तिचे कुटुंब यांच्यातील संघर्ष आला. ओबेरॉन यांनी जे प्रत्यक्ष आयुष्यात लपवले होते, त्याविषयी पडदा आता बोलू लागला होता. तथापि त्या स्वतः मौन सोडू शकल्या नाहीत.

त्यांच्याविषयी अभ्यासकांत दोन मते आढळतात. काहींच्या मते त्यांनी आपले कुळ नाकारून वर्णभेदाच्या व्यवस्थेशी तडजोड केली. इतरांच्या मते अन्यायी नियमांच्या काळात गरीब घरातील मुलीला उपलब्ध असलेला तो एकमेव मार्ग होता, आणि दोष द्यावयाचा तर तो तिला नव्हे, तर त्या नियमांना द्यावा लागेल. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन पडद्यावर गाजलेल्या त्यांच्या प्रेमकथा प्रत्यक्षात आंतरवंशीय होत्या आणि लाखो प्रेक्षकांनी त्या निःशंक मनाने पसंत केल्या होत्या. वंश पाहून प्रेमाची योग्यता ठरवणारे नियम किती पोकळ होते, याचा पुरावा त्या चित्रपटांतच आहे. त्या नियमांची किंमत मात्र ओबेरॉन यांनी आयुष्यभराच्या भीतीने, आणि शार्लट सेल्बी यांनी स्वतःच्या घरात परकेपणाने चुकवली.

निवडक चित्रपट

द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ (१९३३)
द बॅटल (१९३४)
द स्कार्लेट पिंपर्नेल (१९३४)
द डार्क एंजल (१९३५)
दीज थ्री (१९३६)
द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स (१९३८)
वदरिंग हाइट्स (१९३९)
द लॉजर (१९४४)
अ साँग टू रिमेंबर (१९४५)
बर्लिन एक्सप्रेस (१९४८)
देझिरे (१९५४)
हॉटेल (१९६७)
इंटरव्हल (१९७३)